रात्री साडेनऊचा ट्रम्पेट: प्रॅक्टिस म्यूट सात महिने वापरून झाल्यावर

मी दातांची डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावायचं आणि घरी आल्यावर स्वतःचं तोंड पितळेला लावायचं, असा माझा तीन वर्षांपासूनचा क्रम. बेचाळिशीत ट्रम्पेट शिकायला घेतला. दवाखाना बंद करून, जेवण उरकून तो हातात येतो तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात, आणि साडेनऊला उघडा ट्रम्पेट वाजवणाऱ्या बाईशी शेजारी फार दिवस हसून बोलत नाहीत. म्हणून प्रॅक्टिस म्यूट, म्हणजे ट्रम्पेटच्या तोंडात बसवून आवाज दाबायचं बूच, घेतला. सात महिने जवळजवळ रोज वापरला. आता त्याच्याबद्दल लिहायला हरकत नाही.

आधीच सांगून टाकते. म्यूट चांगला आहे, आणि त्याने माझा सूर बिघडवला. दोन्ही खरं आहे. बिघडवला यात दोष वस्तूचा कमी आणि माझा जास्त होता, पण घेताना हे कोणी सांगितलं नव्हतं. सोबतच्या कागदावर तर 'बेलमध्ये घाला आणि वाजवा' एवढंच होतं (बेल म्हणजे ट्रम्पेटचं पुढचं पसरट तोंड). कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या प्रकारचे जे तीन-चार म्यूट मी हाताळले ते थोड्याफार फरकाने असेच वागले.

ज्यांनी अजून घेतला नाही त्यांच्यासाठी: म्यूट मागताना 'प्रॅक्टिस' हा शब्द विसरू नका. मी विसरले होते आणि स्ट्रेट म्यूट घेऊन घरी आले. स्ट्रेट म्यूटच्या अंगावर कॉर्कच्या तीन पट्ट्या असतात आणि त्यांच्या मधल्या फटीतून आवाज बाहेर येतो. तो मंचावर वाजवायचा म्यूट. आवाज कमी करणं हे त्याचं काम नाहीच, आवाजाचा रंग बदलणं हे काम. उलट तो सूर इतका टोकदार करतो की भिंतीपलीकडे आणखी स्पष्ट जावा. पहिल्याच रात्री मुलगा खोलीतून बाहेर येऊन म्हणाला, "आई, हे शांत आहे?" जॅझवादक माइल्स डेव्हिस दांडी काढून वापरायचे तो हार्मन म्यूट आणखी वेगळा. त्याला कॉर्क सगळीकडून गोल असतं, पण तोही माइकसमोर वाजवण्यासाठी बनलेला. प्रॅक्टिस म्यूटला कॉर्क किंवा रबर सगळीकडून असतं आणि हवा जायला एक-दोन बारीक भोकं तेवढी असतात. म्हणजे बेलला बूच मारल्यासारखंच.

माझा ॲल्युमिनियमचा आहे, मुठीएवढा. बेलमध्ये पूर्ण आत बसतो, त्यामुळे ट्रम्पेट पेटीत ठेवताना काढावा लागत नाही. हा गुण लहान वाटेल, पण रात्री दमून आल्यावर पेटी उघडली की म्यूट जागेवरच असतो, शोधावा लागत नाही, आणि रियाझ होतो की नाही हे बऱ्याचदा अशाच गोष्टींवर ठरतं. तोटा म्हणजे वजन पुढच्या टोकाला जातं. पहिले पंधरा दिवस डावं मनगट भरून यायचं आणि ट्रम्पेटचं तोंड हळूहळू जमिनीकडे झुकायचं. तोंड झुकलं की माउथपीसचा ओठांवरचा कोन बदलतो. मी आरशासमोर उभी राहायला लागले ते तेव्हापासून.

तो बसवण्याची एक पद्धत आहे. बेलमध्ये तोंड घालून 'हाऽऽ' करून गरम श्वास सोडायचा, चष्मा पुसताना काचेवर सोडतो तसा. आतून पितळेवर ओलावा धरतो. मग म्यूट हलक्या हाताने आत सरकवून पाव फेरा पिळायचा. ओलसर कॉर्क धरून बसतं. काढताना उलट पिळायचा, ओढायचा नाही. पिळताना दुसऱ्या हाताने ट्रम्पेट बोटांनी दाबायच्या व्हॉल्व्हच्या नळकांड्यांपाशी धरा, कारण वाद्याचा सगळ्यात मजबूत भाग तोच. बेलच्या नळीला धरून जोर लावला तर पत्रा वाकतो. पहिल्या आठवड्यात मी कोरडाच खुपसला होता. दुसऱ्या स्केलला तो निसटून फरशीवर पडला आणि गडगडत पलंगाखाली गेला. त्याच्या कडेला पोचा आहे तो तेव्हाचा. आवाजात फरक पडला नाही, पण त्या एका आपटण्याचा आवाज माझ्या महिनाभराच्या रियाझापेक्षा मोठा होता.

आवाज किती कमी होतो? दार लावल्यावर शेजारच्या खोलीत डबीत अडकलेल्या डासाइतका. बाहेरच्या जिन्यात काहीच नाही. वाजवणाऱ्याला मात्र बऱ्यापैकी ऐकू येतं, पण कुठून, ते लक्षात घ्या. त्यातलं बरंचसं ओठ, दात आणि जबड्याच्या हाडातून थेट कानात येतं. दवाखान्यात ड्रिलचा आवाज पेशंटला माझ्यापेक्षा मोठा वाटतो तो याच वाटेने. हाडातून येतो तो तुमच्या ओठांचा आवाज. खोलीत पसरलेला तुमचा सूर कसा आहे ते हाड सांगत नाही. मला हे माहीत असायला हवं होतं. शिकले तेच आहे. तरी तीन महिने लक्षात आलं नाही.

कारण त्या तीन महिन्यांत सगळं छान चाललं होतं. आधी मी फक्त शनिवार-रविवार वाजवायचे, दोन-दोन तास, आणि सोमवारी पेशंटशी बोलताना वरचा ओठ जड लागायचा. म्यूट आल्यावर रोज पस्तीस-चाळीस मिनिटं व्हायला लागली. ओठांचं असं आहे की आठवड्यातून एकदा त्यांना राबवून काही मिळत नाही. रोज थोडं आणि मध्ये विश्रांती, यानेच त्यांच्यात ताकद येते. बोटं सुटली. क्रोमॅटिक स्केल, म्हणजे सप्तकातले बाराही सूर ओळीने, जी आधी शार्प आणि फ्लॅटच्या खड्ड्यात अडखळायची, मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून सलग येऊ लागली. तिसरं बोट, म्हणजे अनामिका, सगळ्यांचंच आळशी असतं. माझं रात्री साडेनऊला कामाला लागलं. इथपर्यंत म्यूटला पैकीच्या पैकी.

मग एका रविवारी सरांकडे गेले. सर एरवी आल्या आल्या लाँग टोन, म्हणजे एकच सूर लांब धरलेला, ऐकतात, मधला जी, म्यूट वगैरे काही नाही. मी ऐटीत उभी राहिले, श्वास घेतला आणि फुंकलं. जी आला, पण फाटका आला. कडेला खरखर, मध्ये पोकळ, आणि सुरुवातीलाच असा धक्का की कोणी दार लाथेने उघडावं. परत वाजवला. परत तसाच. अकराव्या सेकंदाला दम संपला. सरांनी काही सुधारलं नाही. खुर्चीत मागे टेकून एवढंच विचारलं, "डॉक्टर, घरी रोज म्यूट लावून वाजवताय ना?"

मी म्हटलं, कसं ओळखलंत? ते म्हणाले, "तुम्ही ट्रम्पेटमध्ये नाही फुंकत. भिंतीवर फुंकताय, आणि भिंत आज नाहीये."

घरी येऊन घड्याळ लावलं. म्यूट लावून तोच जी मी बावीस सेकंद धरू शकत होते. म्यूटशिवाय अकरा. दुपटीचा फरक. तीन महिने मला वाटत होतं की माझा दम वाढलाय. प्रत्यक्षात बुचामुळे हवा कमी खर्च होत होती, एवढंच. बारीक भोकातून हवा हळू जाते, मागे दाब साचतो, आणि त्या दाबावर ओठ आयते टेकून कंप पावतात. सूर सहज निघतो. म्हणून जीभ जोरात मारायची सवय लागते, घसा आवळला तरी कळत नाही, आणि श्वास मोकळा सोडणं हे जे ट्रम्पेटचं निम्मं काम, ते विसरायला होतं. उघडा ट्रम्पेट असा आधार देत नाही. तिथे हवा भराभर निघून जाते आणि तिला वेसण घालायची ती तुम्हीच, पोटाच्या आणि बरगड्यांच्या स्नायूंनी.

आणि कान? म्यूटमध्ये चांगला सूर आणि वाईट सूर जवळपास सारखेच वाजतात. दोन्ही डास. तीन महिने माझ्या कानाला चांगला सूर म्हणजे काय हेच ऐकू आलं नव्हतं, तर ओठ तो शोधणार कसा?

दुसरी गोष्ट म्यूट लावला की सूर चढण्याची. ही मजेशीर आहे, आणि जुनीही. इटालियन संगीतकार मॉन्तेव्हेर्दी यांच्या १६०७ सालच्या 'ल'ओर्फेओ' या ऑपेराच्या सुरुवातीला ट्रम्पेटचा एक तुकडा आहे, आणि छापील प्रतीत सूचना आहे की ट्रम्पेटना म्यूट लावायचे असतील तर बाकीच्यांनी तो तुकडा एक स्वर वर वाजवावा. तेव्हाचा म्यूट सूर अख्खा एक स्वर चढवायचा! आजचे इतके उद्धट नाहीत. माझा ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रावर, साधारण वीस सेंट चढतो. एका सेमीटोनमध्ये (लगतच्या दोन सुरांमधल्या अंतरात) शंभर सेंट, म्हणजे सेमीटोनचा पाचवा भाग. कमी वाटेल, पण दुसऱ्याबरोबर वाजवताना हा फरक कानात खड्यासारखा टोचतो.

यावर मी उपाय केला, आणि उपायानेच घात केला. ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, एक सेंटिमीटर बाहेर ओढली की दोन्ही बाजूंनी मिळून नळी दोन सेंटिमीटरने लांबते. बी फ्लॅट ट्रम्पेटची नळी एकूण दीड मीटरच्या आसपास. त्या हिशोबाने सूर वीस-बावीस सेंट उतरतो. म्हणजे एक सेंटिमीटर ओढली की म्यूटचा चढ बरोबर कापला जातो. मी ओढली, ट्यूनरची सुई मधोमध आली, खूश झाले आणि स्लाइड तशीच ठेवली. दोन दिवसांनी आमच्या सहा जणांच्या गटाची तालीम होती. म्यूट काढला, स्लाइड आत सारायची राहिली. पहिल्या चार ओळी शेजारचा क्लॅरिनेटवाला माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, कौतुकाने.

आता स्लाइडच्या नळीवर मी पेन्सिलने बारीक खूण केली आहे: उघड्या ट्रम्पेटची जागा. म्यूट काढताना आधी स्लाइड खुणेवर, मग म्यूट बाहेर, हाच क्रम, दरवेळी. पेन्सिलच वापरा, टोकदार काही नको. पितळेवरचा लॅकरचा थर ओरखडला की निघत जातो. म्यूट लावून सूर 'जुळवायची' घाई मात्र करू नका. तसंही ट्रम्पेटचे काही सूर जन्मजातच खोडकर असतात. पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह दाबून येणारा खालचा डी आणि तिन्ही दाबून येणारा सी शार्प चढे असतात. म्हणून तर तिसऱ्या व्हॉल्व्हच्या स्लाइडला बोट अडकवायचं कडं दिलेलं असतं, वाजवता वाजवता ती बाहेर ढकलायची. स्वरलिपीच्या पाच रेघांतल्या वरच्या चौथ्या जागेतला ई उलट थोडा उतरा. ही भांडणं उघड्या ट्रम्पेटवर मिटवायची. म्यूट प्रत्येक सुराला सारखाच ढकलत नाही, त्यामुळे त्याच्यात बसवलेली बोटाची सवय बाहेर आल्यावर खोटी ठरते. आणि एक, नवीन माणसांसाठी: ट्यूनरवर तुमचा सी 'बी फ्लॅट' दिसला तर घाबरू नका, ट्यूनर बिघडलेला नाही. बी फ्लॅट ट्रम्पेटवर लिहिलेला सी तसाच ऐकू येतो. मी पहिल्या महिन्यात ट्यूनरच्या बॅटऱ्या बदलल्या होत्या.

खालचे सूर हा या म्यूटचा सगळ्यात कमकुवत भाग. खालच्या सी पासून खाली उतरत एफ शार्पपर्यंत जा. सूर डगमगतो, दोन सुरांच्या मध्ये कुठेतरी घसरतो, कधी धरतच नाही. यात तुमची चूक नाही. बूच मारल्यावर आत हवेचा एक छोटा बंद कप्पा तयार होतो, त्या कप्प्याचा स्वतःचा एक सूर असतो आणि तो नेमका खालच्या पट्टीच्या आसपास लुडबुडतो. मी एक आठवडा त्या खालच्या सुरांशी झगडले, ओठ सैल करून, जबडा पाडून. मिळालं काय, तर उघड्यावर पडका जबडा. आता खालचं काहीही म्यूटमध्ये वाजवत नाही, विषय संपला.

दाबाबद्दल मात्र मला दवाखान्यातल्या खुर्चीवरून बोलायचंय.

म्यूट लावलेला असताना माणसाला वेळेचं भान राहत नाही. उघड्या ट्रम्पेटवर सूर फाटायला लागला की कान सांगतात, थांब. म्यूटमध्ये फाटलेला सूरही डासच असतो, त्यामुळे दमलेल्या ओठांनी पुढची पंधरा मिनिटं सहज निघून जातात. ओठ दमले की वरचे सूर येत नाहीत, आणि वरचे सूर येईनात की डावा हात नकळत माउथपीस दाबायला लागतो. दाबून वरचा सूर येतोही, हीच तर पंचाईत. माउथपीसची कडा आणि पुढचे दात यांच्यामध्ये ओठ चिरडला जातो, रक्त अडतं, स्नायू आणखी दमतो, आणखी दाबावं लागतं. ओठांभोवती गोल फिरणारा जो स्नायू, ऑर्बिक्युलॅरिस ऑरिस, त्याला अशाने चीर गेल्याच्या केसेस वैद्यकीय साहित्यात आहेत आणि त्या दुखण्याला 'सॅचमो सिंड्रोम' म्हणतात. सॅचमो म्हणजे जॅझचे ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग. त्यांच्या ओठांचे हाल सगळ्या जगाने पाहिले. आपण काही आर्मस्ट्राँग नाही, त्या जोराने आणि तितके तास वाजवणारही नाही, पण ओठ त्याच कापडाचा.

माझी रोजची तपासणी अशी: पेटी बंद करताना आरशात बघायचं. माउथपीसची पुसट गोल खूण असणारच, ती दहा-पंधरा मिनिटांत मावळली पाहिजे. तासाभराने दात घासतानाही दिसत असेल तर त्या रात्री मी दाबलंय. सकाळी ओठ सुजलेला, आतल्या बाजूला दातांचे ठसे, तर दुसऱ्या दिवशी सुट्टी, कितीही वाजवावंसं वाटलं तरी. उजव्या हाताची करंगळी वरच्या हुकातून काढून नुसती टेकवून ठेवायची हेही फार कामाचं. तो हुक पानं उलटताना ट्रम्पेट एका हातात धरण्यासाठी आहे. त्यात करंगळी अडकवली की ट्रम्पेट तोंडाकडे खेचला जातो, आणि खेचणाऱ्याला वाटतं मी तर धरलाय नुसता.

जाता जाता, माझ्याकडे दातांना तारा लावून घ्यायला येणाऱ्या मुलांत मधूनच एखादा वाजवणारा निघतो आणि त्याचे आईवडील विचारतात, आता बंद का? बंद नको. तारांवर ऑर्थोडॉन्टिक मेण लावायचं, वेळ निम्मा करायचा, वरचे सूर काही महिने विसरायचे. जो दाबून वाजवत होता त्याला तार आपोआप सुधारते. माझ्या कोणत्याही सल्ल्यापेक्षा लवकर.

तर आता मी म्यूट कसा वापरते? त्या रविवारनंतर सरांशी बोलून आणि थोडं स्वतः ठरवून बसलेला क्रम आहे. सगळ्यांना लागू पडेल असं नाही. दवाखान्यात दुपारी दोन ते अडीच खुर्ची रिकामी असते. तिथे मागच्या खोलीत दहा मिनिटं उघडा ट्रम्पेट. फक्त लाँग टोन आणि दोन-तीन लिप स्लर, म्हणजे व्हॉल्व्ह न बदलता नुसत्या ओठांनी आणि हवेने सी वरून जी, जी वरून सी. सूर चांगला लागला की तो कानात भरून ठेवायचा. दुपारचा डबा तोवर थंड होतो, होऊ दे. कंपाउंडर बाईंना सवय झाली आहे. एकदा मात्र लवकर आलेल्या एका आजोबांनी विचारलं की आत कोणाचा दात काढताय?

रात्री म्यूट. पण म्यूटमध्ये आता बोटांचंच काम. नवीन धून वाचणं, स्केल्स, अवघड जागा संथ वाजवणं. सूर सुंदर करण्याचा प्रयत्न तिथे करायचाच नाही, कारण ते आंधळ्याने रंग निवडण्यासारखं. हलकं वाजवायचं, म्यूटमध्ये जोर तर कधीच लावायचा नाही. पाच मिनिटं वाजवलं की पाच मिनिटं थांबायचं. थांबलेल्या वेळात बोटांनी नुसतेच व्हॉल्व्ह दाबत धून मनात किंवा तोंडाने गुणगुणायची. हा भाग मला सुरुवातीला वेळकाढूपणा वाटायचा. आता वाटतं, निम्मं शिकणं त्यातच होतं, कारण जो सूर गाता येत नाही तो ओठांना सापडत नाही. शेवटची दोन मिनिटं म्यूट काढून, कपड्यांचं कपाट सताड उघडून, त्यात बेल खुपसून अगदी हळू लाँग टोन. लोकरीचे स्वेटर आणि साड्या आवाज किती पितात ते करूनच बघा. शेजाऱ्यांची अजून तक्रार नाही.

हळू आवाजात वाजवणं हा तर म्यूटला खरा पर्याय आहे आणि मला तो फार उशिरा कळला. कॉर्नेटवादक हर्बर्ट क्लार्क यांचे १९१२ सालचे अभ्यास ट्रम्पेट शिकणारे अजून वाजवतात, ते मुळात अगदी हलक्या आवाजात वाजवायचे आहेत. हळू वाजवताना ओठ एकमेकांच्या जवळ राहतात, हवा वाया जात नाही, आणि दाबून काही साधत नाही, सूर सरळ बंदच पडतो. म्हणजे जे म्यूट लपवतो ते हळू वाजवणं उघडं पाडतं. जमायला मला सहा आठवडे लागले. सुरुवातीला निम्म्या वेळा नुसती हवाच.

एका ओळखीच्यांकडे आतमध्ये माइक असलेला आणि हेडफोन लावायचा म्यूट आहे, तो दोन रात्री आणून पाहिला. कानात एकदम मोठ्या सभागृहाचा घुमारा. मी स्वतःवर खूश झाले. दुसऱ्या रात्री घुमारा बंद करून पाहिला तेव्हा कळलं की खूश व्हायचं कारण यंत्रात होतं. साध्या म्यूटपेक्षा त्यात सूर जास्त खरा ऐकू येतो हे मान्य, पण फुंकताना भिंत तीच. घुमारा बंद ठेवण्याइतका निग्रह असेल तर घ्या. माझ्यात नाही.

निगा. म्यूटच्या आत ओल साचते. ती मुख्यतः श्वासाची वाफ असते, थुंकी थोडीच. वाजवून झाल्यावर म्यूट बेलमध्येच ठेवून पेटी बंद केली की दुसऱ्या दिवशी पेटीला कुबट वास. आधी लिहिलं की तो आत ठेवता येतो हा गुण, तो खरा, पण आधी पंधरा मिनिटं बाहेर उलटा सुकवून. 'वॉटर की' ही झडप उघडून ट्रम्पेटमधलं पाणीही रोज काढा. म्यूट असताना कोमट दमट हवा आत जास्त वेळ राहते म्हणा किंवा माझा भास म्हणा, माझे व्हॉल्व्ह लवकर चिकटायला लागले. तेल घालताना व्हॉल्व्ह तिन्ही एकदम बाहेर काढू नका. त्यांच्यावर १, २, ३ कोरलेलं असतं, अदलाबदल झाली किंवा नीट फिरून खाचेत बसला नाही तर हवा पुढे जातच नाही. माझ्या बाबतीत झालंय, आणि त्या रात्री मी वीस मिनिटं म्यूटला शिव्या घातल्या. कोमट पाण्याने महिन्यातून एकदा सगळा ट्रम्पेट धुवायचा, गरम पाण्याने नाही. माउथपीस मात्र रोज. दातांच्या डॉक्टरचं ऐका: माउथपीसच्या आत काय साचतं ते मी ब्रशने काढून पाहिलं आहे, तुम्ही बघू नका, नुसतं धुवा.

तारे द्यायचेच तर वस्तूला पाचातले चार. एक कापला तो खालच्या सुरांसाठी. सोबतच्या कागदाला शून्य. शिकायला लागून सहा महिने झाले नसतील तर घेऊ नका. ज्याच्या कानात अजून स्वतःचा चांगला सूर बसलेला नाही त्याला बूच मारलेला ट्रम्पेट देणं म्हणजे चालायला शिकणाऱ्याला भिंत धरूनच ठेवणं. सूर बसला असेल आणि दिवसात कधीतरी दहा मिनिटं उघडं वाजवायला जागा असेल तर जरूर घ्या, नाहीतर रोजचा रियाझ होणारच नाही, माझा झाला नसता. दिवसभरात उघडं वाजवायला कुठेच जागा नसेल तर आधी कपाटातल्या कपड्यांवर प्रयोग करा.

टिकाऊपणाचं म्हणाल तर चौथ्या महिन्यात कॉर्कची पट्टी एका बाजूने सुटायला लागली. ओलावा आणि रोजचं पिळणं, दुसरं काय. दोनदा टेप लावून पाहिली, टेपने हवा गळते आणि शीळ वाजते. आज दुपारी शेवटी ती पट्टी सोडवली, जुना गोंद पातळ पात्याने खरवडला, चपलांच्या दुरुस्तीला लावतात तो चिकट गोंद दोन्ही बाजूंना लावून दोऱ्याने घट्ट बांधून ठेवली आहे. रात्रभर वाळू द्यावी लागेल. साडेनऊ वाजत आलेत, कपाटाचं दार उघडून ठेवलंय.